फोर-व्हील लावूनही गाडी जागेवरच फिरते: हिवाळ्यातली तपासणी, फुकटच्या उपायापासून मोठ्या खर्चापर्यंत

विदर्भात गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की गॅरेजवर येणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्यांची तक्रार बहुतेक एकच असते: 'फोर-व्हील काम करत नाही.' या एका वाक्यामागे निरनिराळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून पाना हातात घेण्याआधी आपल्या गाडीचं लक्षण नेमकं ओळखा.

लक्षणं

१. लिव्हर टाकला, दिवा लागला, पण फक्त मागची चाकं फिरतात. पुढची हलतही नाहीत.

२. पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरकस बाजूचं मागचं एक चाक फिरतं. उरलेली दोन शांत उभी.

३. फोर-व्हीलचा दिवा नुसता लुकलुकतो, किंवा लागतच नाही.

४. चिखलात गाडी ठीक चालते. डांबरावर आली की स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, टायर कुरकुरतात आणि लिव्हर परत टू-व्हीलमध्ये निघत नाही.

५. एक्सिलरेटर दाबूनही इंजिन उठत नाही आणि मीटरमध्ये घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह चमकतं.

६. पहाटे ब्रेक दाबला की गाडी न थांबता सरळ पुढे जाते.

७. वळताना टक-टक, सरळ चालताना घूं-घूं, किंवा गिअर टाकताच खालून धडक.

पहिली सहा लक्षणं बऱ्याचदा घरच्या घरी सुटतात. सातवं असेल तर मधलं वाचत बसू नका, शेवटच्या भागाकडे जा.

आपल्या हिवाळ्यात चाक कशानं घसरतं

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तरी आपल्याकडे रस्त्यावर बर्फ नसतो. आपला त्रास पाण्याचा आणि काळ्या मातीचा आहे. शेतीपंपाची वीज अनेक गावांत आलटून पालटून रात्रपाळीत येते. रात्री मोटार सुरू असते, कुठेतरी दांड फुटतो, पाणी धुरा ओलांडून पांदणीत उतरतं. कालव्याची पाळी सुटली की तीच गत. सकाळी पांदण वरून सुकल्यासारखी दिसते, आणि वरचा पापुद्रा फुटला की खाली चाक साबणावर ठेवल्यासारखं सरकतं.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत गच्च बसते. खाचा भरल्या की नवा टायरसुद्धा गोटा टायरसारखाच वागतो. भंडारा-गोंदियाकडे धान कापून झाल्यावरही बांध्यांत ओल टिकते आणि रस्त्यावर तणस पसरलेलं असतं. यवतमाळ-वर्धा-अमरावतीकडे डांबरी रस्त्यावरच तूर-सोयाबीनची मळणी चालते. त्याचं कुटार, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती आणि त्यावर पहाटेचं दव, एवढं ब्रेक निकामी वाटायला पुरेसं असतं. त्यात एखादा अवकाळी पाऊस आला तर विचारायलाच नको.

फोर-व्हील ड्राइव्ह इंजिनचा जोर चार चाकांपर्यंत पोचवते. जमीन धरायचं काम टायरचं आहे. टायरनं जमीन धरली नाही तर दोनाऐवजी चार चाकं फिरतील आणि गाडी अधिक लवकर रुतेल. म्हणून मी तपासणी नेहमी जमिनीपासून वर करतो. ट्रान्सफर केसला, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणाऱ्या पेटीला, हात सगळ्यात शेवटी.

१. फोर-व्हील खरोखर लागलं आहे का? (खर्च काही नाही)

अर्धवट बसलेला लिव्हर हे फार साधं कारण आहे. बारा महिन्यांत चार वेळा वापरला जाणारा लिव्हर जड होतो, हाताला 'बसला' असं वाटतं आणि आत दात पुरते अडकलेले नसतात.

टू-एचमधून (दोन चाकं, नेहमीचा वेग) फोर-एचमध्ये (चार चाकं, नेहमीचा वेग) अनेक गाड्या चालत्या-चालत्या जातात, पण किती वेगापर्यंत चालतं ते आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहा. फोर-एलसाठी (चार चाकं, कमी वेग, जास्त जोर) गाडी थांबवा, क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रलला आणा आणि मग लिव्हर एका दमात टाका. अडकला तर जोर करू नका. गाडी हातभर पुढे-मागे सरकवून पुन्हा टाका. आतले दात समोरासमोर येतात तेव्हा लिव्हर अडतो. चाक थोडं फिरलं की वाट मोकळी होते.

जुन्या जीप आणि काही जिप्सींच्या पुढच्या चाकांवर हातानं फिरवायचे हब लॉक असतात. ते 'फ्री'वर राहिले तर आत लिव्हर टाकून उपयोग नाही. शाफ्ट फिरतो, चाक नाही. दोन्ही बाजू 'लॉक'वर हव्यात. एकच बाजू लॉक केली तरीही पुढचं फोर-व्हील मिळत नाही, कारण डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा गोळा, सगळी गती मोकळ्या बाजूला सोडून देतं. पहिल्या लक्षणाचं उत्तर पुष्कळ वेळा इथेच सापडतं.

काही गाड्यांत हब आपोआप लागतात. त्यांना पुढे थोडं चालावं लागतं, आणि काहींमध्ये दिशा बदलली की हब सुटतो. म्हणून रुतल्यावर फोर-व्हील लावण्यापेक्षा पांदणीत शिरण्याआधी लावा आणि कोरड्या मातीवर दहा-वीस फूट सरळ चालवून घ्या.

पाचवं लक्षण असेल तर ईएसपीचं, म्हणजे घसरण आवरणाऱ्या यंत्रणेचं, बटण शोधा. चाक घसरलं की गाडीचा संगणक इंजिनची ताकद कमी करतो. डांबरावर ते आपल्या भल्याचं आहे. चिखलात गाडी जागेवर मरते. चिखलापुरतं बंद करा, रस्त्यावर येताच पुन्हा सुरू करा. काही नव्या गाड्या फिरणाऱ्या चाकाला स्वतःच ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतात. तेव्हा ब्रेकमधून कटकट आवाज येतो. लोक घाबरून पाय उचलतात. उचलू नका, हलका एक्सिलरेटर एकसारखा धरून त्या यंत्रणेला तीन-चार सेकंद द्या.

२. टायरची हवा (जवळपास फुकट)

हवा भरायची ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी निघण्याआधी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत. तापमान साधारण ६ अंशांनी उतरलं की टायरचा दाब १ पीएसआयच्या (पंपावर हवा मोजायचं माप) आसपास कमी होतो. दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश हा आपल्याकडचा रोजचा फरक, म्हणजे ३ पीएसआय तिथेच गेले. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब त्याहून वर दिसतो. भर दुपारी तालुक्याहून परत येताना पंपावर 'बरोबर' भरलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे बरीच कमी असते.

फोर-व्हीलमध्ये याचं महत्त्व दुप्पट. साध्या, लिव्हरच्या फोर-बाय-फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. पुढच्या टायरात हवा कमी असेल तर त्याचा घेर थोडा लहान होतो, त्याला तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात, आणि तो फरक शाफ्ट-गिअरमध्ये ताण बनून साठतो. दरवाज्याच्या चौकटीवरच्या पट्टीवर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे लिहिलेले असतात. तेच पाळा. पंक्चरवाल्याचा अंदाज त्या पट्टीपेक्षा मोठा नाही.

चिखलात हवा कमी करावी का, हे मला सतत विचारलं जातं. माझं मत असं. भुसभुशीत, खोलवर मऊ झालेल्या वावरात किंवा नदीच्या वाळूत १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतो आणि गाडी वर राहते. पण दोन बोटं चिखल आणि खाली कडक जमीन असेल, जी ओलिताच्या पांदणीत नेहमीची स्थिती आहे, तिथे हवा तशीच ठेवा. टायरनं चिखल कापून खालची जमीन गाठणं फायद्याचं. भरलेल्या पिकअपची हवा तर कमी करूच नका. आणि हवा उतरवली असेल तर जवळ पंप हवाच. कमी हवेनं रस्त्यावर वेग घेतला तर टायरच्या बाजू तापतात, टायर रिमवरून निघू शकतो.

३. टायरची नक्षी, वय आणि जुळणी

नियमानं चारचाकीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. ही कोरड्या-ओल्या रस्त्याची कायदेशीर हद्द आहे. काळ्या मातीत मी ४ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर भरवसा ठेवत नाही, कारण उथळ खाच एका फेऱ्यात भरते आणि चाक फिरताना माती बाहेर फेकली जात नाही.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख असते. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. विदर्भाच्या उन्हाळ्यात रबर कडक होतं. नक्षी भरपूर दिसते, पण बाजूला बारीक भेगा आणि नखानं दाबून न दबणारं रबर असा टायर दव पडलेल्या डांबरावर घसरतो. सहाव्या लक्षणाची गाडी आली की मी ब्रेकच्या आधी ही तारीख वाचतो.

आता जुळणी. पैसे वाचवण्यासाठी मागे दोन नवे, पुढे जुने, किंवा मागे रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेले) आणि पुढे वेगळ्या कंपनीचे टायर टाकले जातात. टू-व्हीलमध्ये ते चालून जातं. फोर-व्हीलमध्ये चौथं लक्षण अनेकदा यातूनच येतं. मोजायला सोपं आहे: चारही टायरांत सारखी हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूनं खूण करा, एक फेरा होईपर्यंत गाडी ढकला आणि अंतर मोजा. पुढच्या आणि मागच्या अंतरात फरक स्पष्ट दिसत असेल तर आधी टायर जुळवा. लिव्हरच्या दांड्या आणि केबल बदलून काही होणार नाही. ज्या गाड्यांना लिव्हरच नाही आणि मागची चाकं आपोआप जोडली जातात, त्यांत बेजोड टायरांमुळे आतला क्लच सतत घासून तापतो, आणि तो बदलण्याचा खर्च टायरांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

कोणता टायर घ्यावा? रोज पांदण आणि रोजच डांबर असेल तर एटी, म्हणजे ऑल-टेरेन, पुरतो. मोठ्या गुटक्यांचा एमटी टायर चिखलात नक्कीच सरस, पण ओल्या डांबरावर कमी धरतो, आवाज करतो, डिझेल खातो. ज्याची गाडी वर्षाचे आठ महिने डांबरावरच असते त्यानं एमटी घेऊ नये, असं मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

४. कोरड्या डांबरावर फोर-व्हील (सवय बदला, खर्च नाही)

चौथं लक्षण असेल आणि टायर जुळलेले असतील तर गाडीत बहुधा काही बिघडलेलं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून तो फरक फेडतं. कोरडं डांबर घसरू देत नाही, म्हणून शाफ्टमध्ये पीळ पडतो आणि लिव्हर अडकतो. सोडवायचं असं: स्टिअरिंग सरळ ठेवा, पाच-दहा फूट रिव्हर्स घ्या, किंवा एका बाजूची चाकं मातीच्या पट्टीवर उतरवून थोडं चाला. पीळ उतरला की लिव्हर सहज निघतो. हातोडीनं लिव्हर ठोकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानं आतला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, वाकतो.

ब्रेकबद्दलही इथेच लिहितो, कारण या समजुतीतून अपघात होतात. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. फोर-व्हील लावल्यानं गाडी लवकर थांबत नाही. ती लवकर सुटते, त्यामुळे चालकाला रस्ता चांगला वाटतो आणि वेग वाढतो. कुटार पसरलेल्या, दवानं ओल्या रस्त्यावर वेग आधीच कमी करा आणि ब्रेक हलका, लांबून दाबा. कुटारावर किंवा तणसावर गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरनं ते पेटतं. चिखलदऱ्याच्या किंवा मेळघाटातल्या ओल्या उतारावर, कच्च्या वाटेवर, फोर-एल आणि खालचा गिअर लावून इंजिनच्या जोरावर उतरणं ब्रेकवर उतरण्यापेक्षा सुरक्षित असतं.

५. वजन कुठे आहे

रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी असतात. मागच्या एक्सलच्या बरोबर वर मुरमाची चार-पाच पोती बांधून ठेवली की फरक लगेच कळतो. उलट, संत्र्याचे कॅरेट फाळक्याकडे रचले तर पुढची चाकं उचलली जातात आणि फोर-व्हीलचा निम्मा जोर हवेत जातो, स्टिअरिंगही हलकं पडतं. वजनदार माल केबिनकडे. पोती बांधलेलीच हवीत, सुटी पोती ब्रेक मारल्यावर अंगावर येतात.

६. फ्यूज, वायर, व्हॅक्यूमची नळी (थोडा खर्च)

तिसरं लक्षण असेल तर इथे या. बटणानं फोर-व्हील लागणाऱ्या गाडीत ट्रान्सफर केसवर एक छोटी मोटर असते. आधी फ्यूज पाहा, मग मोटरचा कनेक्टर. पावसाळ्यात शिरलेला चिखल हिवाळ्यात वाळून त्यातल्या पिना हिरव्या पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनरनं स्वच्छ करा. बॅटरीचे टर्मिनलही घट्ट हवेत. थंडीत पहाटे बॅटरी अशक्त असते आणि मोटर अर्ध्यावर थांबते.

काही गाड्यांत पुढचे हब व्हॅक्यूमनं, म्हणजे नळीतून हवा ओढून, लागतात. इंजिन सुरू ठेवून, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेकवर असताना, मदतनिसाला फोर-व्हील लावायला सांगा. हबकडे जाणारी बारीक नळी काढून बोट लावलं तर ओढ जाणवली पाहिजे. नसेल तर नळी मागे मागे तपासत जा. चाकाजवळ वळणावर ती फुटते, आणि थंडीत उबेला बॉनेटखाली शिरलेले उंदीर वायरीइतक्याच आवडीनं ती कुरतडतात. फुटके टोक कापून नळी पुन्हा घट्ट बसवणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न बघता अख्खा हब बदलायला सांगणारे कारागीर आहेत. नळी आधी बघा.

७. जॅकवरची परीक्षा (खर्च नाही, पण सावधगिरी पूर्ण)

दिवा लागतो पण पुढची चाकं ओढत नाहीत, तेव्हा दोष हबमध्ये, डिफरन्शियलमध्ये की ट्रान्सफर केसमध्ये हे याच परीक्षेत कळतं. हातानं किंवा व्हॅक्यूमनं लागणाऱ्या हबला ही चालते. आपोआप लागणारे हब हातानं फिरवताना सुटू शकतात, त्यांचा निकाल खात्रीचा नाही.

सपाट, कडक जागा घ्या. फोर-एच लावून गाडी थोडी सरळ चालवा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक ओढा. ज्या गाडीत व्हॅक्यूम संपताच हब सुटतात तिची ही परीक्षा गॅरेजवरच करावी. जमिनीवरच्या तिन्ही चाकांना दोन्हीकडून मोठे दगड लावा. मग पुढचं एकच चाक जॅकवर उचला, चेसिसखाली मजबूत ठोकळा द्या आणि चाक हातानं फिरवा.

चाक फिरलं नाही, तर त्या बाजूचं सगळं ठीक आहे. थोडीशी ढिलाई चालते. खाली उतरवून दुसरी बाजू बघा.

चाक फिरलं पण आतला शाफ्ट स्थिर राहिला, तर त्याच बाजूचा हब लागत नाही.

चाक आणि शाफ्ट दोन्ही फिरले आणि समोरच्या बाजूचा शाफ्ट उलटा फिरला, तर दोष समोरच्या बाजूच्या हबमध्ये. इथे फसगत होते आणि चांगला हब उघडला जातो.

चाकाबरोबर पुढचा लांब प्रोपेलर शाफ्ट फिरला, तर ट्रान्सफर केस आत लागलेलीच नाही. लिव्हरची दांडी, केबल किंवा आतला फोर्क.

एक शाफ्ट फिरतो, प्रोपेलर आणि समोरचा शाफ्ट दोन्ही स्थिर, तर डिफरन्शियलच्या आत काहीतरी तुटलं आहे. थांबा.

एक चाक उचललेलं असताना फोर-व्हीलमध्ये इंजिन कधीही सुरू करू नका. जमिनीवरची चाकं ओढतात आणि गाडी जॅकवरून उडी घेते. गाडीखाली शिरायचं तर फक्त जॅकच्या भरवशावर शिरू नका.

दुसऱ्या लक्षणाची गाडी या परीक्षेत पास होते, कारण तिच्यात बिघाड नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात मोकळं फिरलं की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो. पुढे एक, मागे एक असं तिरकस जोडीनं झालं की चारही चाकं असून गाडी उभी. यावर उपाय दोन्ही चाकं एकत्र बांधणाऱ्या डिफरन्शियल लॉकचा. फोर्स गुरखात तो हातानं लावता येतो, थारच्या काही मॉडेलमध्ये मागचा आपोआप लागतो. तो लागताना खालून 'धाड' आवाज येतो, ते बरोबरच आहे. लॉक नसेल आणि मागचं चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन खाचा ओढून हलका एक्सिलरेटर द्या. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की दुसऱ्याला जोर मिळतो. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांऐवजी प्रोपेलर शाफ्टवर असतो, तिथे हा उपाय चालत नाही.

८. तेल आणि ब्रीदर

पावसाळ्यात रपट्यावरून, नाल्यातून गाडी काढली असेल तर हिवाळ्याच्या आधी दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल पाहा. त्यांचं गरम हौसिंग (बाहेरचं कवच) पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची नळी, तुटलेला असेल तर पाणी आत ओढलं जातं. दोन-तीन महिन्यांनी बेअरिंग घूं-घूं करू लागतं आणि दोष थंडीवर जातो. तेल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलं.

काढताना आधी भरायचा बोल्ट उघडा, मगच खालचा. वरचा जाम निघाला आणि खालून तेल सोडून दिलेलं असेल तर गाडी तिथेच अडकते. कोणतं तेल, ते पुस्तकात बघूनच. डिफरन्शियलला बहुधा घट्ट गिअर ऑइल लागतं, पण कित्येक ट्रान्सफर केसना पातळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं. तिथे गिअर ऑइल भरलं की पहाटे लिव्हर हलत नाही. वर्षातून एकदा प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांना, म्हणजे क्रॉसला, ग्रीस मारा आणि पुढच्या शाफ्टचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना, हात फिरवून बघा. फाटका बूट वेळेत बदलला तर जॉइंट वाचतो.

रुतलीच तर

चाक फिरवत राहू नका. एक्सल जमिनीला टेकला की पुढचं सगळं अवघड होतं. चाकापुढची माती फावड्यानं काढा, खाचांतला चिखल खरवडा, पऱ्हाट्या किंवा तुराट्यांच्या पेंढ्या आडव्या टाका, वर पोतं घाला. चाकाच्या रेषेत कुणी उभं राहू नये, पेंढ्या मागे फेकल्या जातात. गाडी निघाली की सायलेन्सरला अडकलेल्या काड्या काढून टाका.

ट्रॅक्टरचं टोचन लावायचं तर दोर चेसिसच्या हुकलाच. स्टिअरिंगच्या रॉडला, बंपरला किंवा एक्सलला बांधलेल्या दोरानं मी गाड्या मोडलेल्या पाहिल्या आहेत. दोरावर ओलं पोतं टाका, तुटला तर त्याची उसळी कमी होते. आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दुप्पट दूर उभं करा.

मनाली-काश्मीरला निघालेल्यांसाठी थोडं

डिसेंबरात इथून बरीच मंडळी फोर-बाय-फोर घेऊन बर्फात जातात. एमटी टायरचं रबर बर्फाच्या कडक थरावर फारसं धरत नाही. तिथे हिवाळी टायर लागतो, ज्याच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असतं, नाहीतर चेन. चेन घरी अंगणात एकदा लावून बघा, थंडीत बधिर हातांनी पहिल्यांदा लावणं कठीण जातं. चेन लावून हळू चालवा, निर्मात्यानं दिलेली वेगमर्यादा पाळा, आणि डांबर उघडं दिसताच काढा.

इथे थांबा, कारागिराला बोलवा

घूं-घूं आवाज वेगाबरोबर वाढत असेल. गिअर टाकताच किंवा पाय उचलताच खालून धडक बसत असेल. तेल काढल्यावर त्यात धातूचे तुकडे दिसले असतील. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणं सामान्य आहे, हाताला टोचणारे तुकडे नाहीत. प्रोपेलर शाफ्टमुळे पूर्ण गाडी थरथरत असेल तर रस्त्यावर वेगानं नेऊच नका, तो सुटला तर गाडी उलटू शकते.

क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधले मुख्य दातेरी गिअर) घरी उघडू नका. त्याच्या दातांतली मोकळीक शिम (पातळ चकत्या) लावून मोजून बसवावी लागते, आणि त्यासाठी मोजमापाचं साधन असलेला कारागीरच हवा. ट्रान्सफर केसचंही तेच. फ्यूज, कनेक्टर, नळी तपासूनही दिवा लुकलुकत राहिला, किंवा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा सोबत लागला, तर स्कॅनर असलेल्या ठिकाणी न्या. गाडी वॉरंटीत असेल तर सहाव्या तपासणीनंतर स्वतः काही उघडू नका. गाडी कालव्याच्या काठावर किंवा नाल्याच्या उतारावर तिरपी अडकली असेल तर सगळ्यांना उतरवा, डोंगराच्या किंवा चढाच्या बाजूला उभं करा आणि मोठं यंत्र येईपर्यंत हात लावू नका.

फोन करताना कारागिराला एवढं सांगा: कोणतं लक्षण, जॅकच्या परीक्षेत काय फिरलं आणि काय नाही, चारही टायरांची सकाळची हवा आणि तारीख, शेवटचं पाण्यातून कधी गेलात, आणि कोणतं तेल कधी भरलं.